नागीण गेली, मग दुखतं काय?

या रोगाला ‘नागीण’ हे नाव ज्याने कोणी दिलं, त्याला एकदा हा रोग व्हायला हवा होता. म्हणजे त्याने जरा विचार करून नाव दिलं असतं. नागीण म्हटलं की लोकांना वाटतं, सरपटत काहीतरी येतं, अंगाला विळखा घालतं आणि मंत्र टाकला की निघून जातं. निघून गेलं की प्रश्न मिटला. माझं जे काही वाटोळं झालं ते फोडांनी कमी केलं आणि या शब्दाने जास्त केलं, असं मी आजही म्हणते. कोणी हसलं तर भांडतेसुद्धा.

फोड जाऊन बरीच वर्षं झाली. दुखणं पुष्कळ कमी झालंय, पण पूर्ण गेलेलं नाही. ज्यांना असंच दुखतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांना दुखत नाही त्यांनीही वाचा, कारण आमच्यासारख्यांना छळायला शेवटी तुम्हीच असता.

ओटीवरचं दुकान

मी पेणला ब्लाऊज शिवते. घराच्या ओटीला फळ्या ठोकून केलेलं दुकान, पायमशीन, कात्री आणि खिळ्यांना अडकवलेल्या बायकांच्या पिशव्या, एवढा माझा संसार. नवरा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर जातो. माझं माहेरही रोह्याचं, तिथे दादा आणि वहिनी. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मला जी काही किंमत होती ती मी त्या मशीनवर बसत होते म्हणून होती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्नसराई होती. पिशव्यांवर पिशव्या लटकत होत्या. डाव्या खांद्याच्या खाली पाठीत चरचरायला लागलं. वाकून वाकून पाठ धरली असेल म्हणून बाम चोळला, तर आग आग झाली. मग तिथे पाण्याने भरलेले फोड आले. पाठीपासून सुरू होऊन बगलेखालून थेट डाव्या छातीपर्यंत एक पट्टा.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी ब्लाऊज वर केला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “अगो बया, नागीन हाय ही!”

झालं. त्या दिवसापासून माझी पाठ ही गावाची मालमत्ता झाली. आमच्याकडे समजूत अशी की नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकांना मिळाली की माणूस जातो. त्यामुळे सकाळी चहा व्हायच्या आत सासूबाई माझा पदर ओढून तोंड कुठवर आलं ते बघायच्या. शेजारच्या बायकाही यायच्या. एक म्हणे तोंड मागे आहे, दुसरी म्हणे पुढे. माझ्या उघड्या अंगावर बोट नाचवत त्यांचा वाद चालायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी असायचे. बघून झालं की चहा पिऊनच जायच्या. चहाही मीच टाकायचा.

मला फोडांची किळस येत होती हे खरं, पण त्या बायकांच्या डोळ्यांत जी मजा होती तिची जास्त येत होती.

गडबचा बाबा

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. सासूबाई म्हणाल्या, “डाक्टरला नागिनीतलं काय कलतं? सुई मारली का ती आत शिरल.” नवऱ्याने मान डोलावली. त्यांचं नाव विलास, पण आईपुढे ते नुसतेच ‘इलास’ असतात. ते वाईट नाहीत. ते आईचं ऐकतात आणि जेवतात.

गडबला नागीण उतरवणारा एक बाबा होता. एसटीने गेलो. सीटला पाठ टेकवत नव्हती, म्हणून मी दांडा धरून उभी. बाबा अंगणात खाटेवर बसला होता, गालात तंबाखूचा तोबरा. त्याने मला पाठमोरी बसवलं, बोटभर गेरूने फोडांच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा मारल्या, म्हणजे नागिणीला पुढे वाट राहू नये. मग तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत पाठीवर फुंकर मारली. फुंकरीबरोबर तंबाखूचे कण. फोडांवर नुसता वारा लागला तरी जीव जायचा, आणि हा माणूस गाल फुगवून फुंकतोय. मी किंचाळले तेव्हा सासूबाई हात जोडून म्हणाल्या, “बगा, झोंबली तिला.”

वर दुर्वा आणि तांदूळ वाटून केलेला लेप. वैशाखातल्या उकाड्यात तो आंबायचा, माशा यायच्या. धुवायचा नाही अशी ताकीद. माझ्या अंगाला आंबलेल्या पेजेचा वास येत होता आणि त्याच अंगाने मी नवऱ्या मुलींचे ब्लाऊज शिवत होते. कापड घ्यायला येणाऱ्या बायका पदर नाकाला लावून उंबऱ्याबाहेरूनच पिशवी मागायच्या. मला माझ्याच अंगाचा इतका वीट आला की आंघोळीला बसले की डोळे मिटून घ्यायचे.

यथावकाश फोड सुकले, खपल्या पडल्या. ते तसेही सुकतात, हे मला फार उशिरा कळलं. फोड दिसल्याबरोबर डॉक्टर गाठला तर त्यावर औषध असतं, हेही तेव्हाच कळलं. पण सासूबाईंनी आळीत साखर वाटली. “उतरली गो बाबानं नागीन.”

आणि त्या दिवसापासून माझं दुखणं बेकायदेशीर झालं.

हलकं हलकं

फोड होते तेव्हाचं दुखणं परवडलं. हे नवीन दुखणं वेगळंच होतं. कातडी वरून चांगली, नुसते पांढुरके डाग. पण पंख्याचा वारा लागला की तिथे निखारे फिरायचे. मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ पाठीतून छातीत यायची आणि हातातली कात्री सुटायची. सगळ्यात वाईट म्हणजे ब्लाऊज. पेणमध्ये चांगला ब्लाऊज शिवणारी बाई म्हणून जिचं नाव, तिला ब्लाऊज घालवेना. मी नवऱ्याचा जुना, धुऊन धुऊन विरलेला सदरा घालून बसायला लागले, तोही उलटा, म्हणजे शिवण बाहेर राहावी.

“ह्यो काय अवतार?” सासूबाई म्हणाल्या.

“दुखतंय, आई.”

“नागीन गेली, मग दुखतं काय?”

साप घरातून निघून गेल्यावर कोणी चावतोय चावतोय म्हणून ओरडायला लागलं तर लोक त्याला काय म्हणतील? तेच मला म्हणायला लागले.

शेवटी पेणच्या डॉक्टरांकडे गेले, नवऱ्याला घेऊन. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, ताकदीची इंजेक्शनं दिली. पोट बिघडलं, दुखणं तिथेच. असं बरेच महिने चाललं. त्या माणसालाही माझा कंटाळा आला असावा. एके दिवशी माझ्याकडे न बघता ते ह्यांना म्हणाले, “आता काही राहिलेलं नाही हो. त्यांना सांगा, डोक्यातून काढून टाका.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी समजल्यासारखं दिसत होतं. घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं, “आई, डाक्टर बोलला, डोक्यात हाय तिच्या.”

रोह्याला

डोक्यात हाय. हे दोन शब्द आळीत पोचायला एक दुपार लागली. गिऱ्हाइकं माझ्याशी जपून बोलायला लागली, लहान पोराशी बोलतात तशी. एकीने शिवायला टाकलेलं कापड तसंच परत नेलं.

ह्यांनी मला समजुतीने सांगितलं, “थोडे दिस रोह्याला ऱ्हा. डोकं शांत होऊंदे. दुकान बंद ठेवू.”

मी म्हटलं, “डोक्याला काही झालेलं नाही. पाठ दुखतेय.”

“व्हय व्हय,” ते म्हणाले. त्या ‘व्हय व्हय’ला मी कधी माफ करणार नाही.

रोह्याच्या गाडीत बसून मी वेडी म्हणून गेले तर शहाणी म्हणून परत येणार नाही आणि मशीनही परत मिळणार नाही, हे मला दिसत होतं. तरी गेले. भांडायला अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर कपडा अंगाला लागू न देण्यात संपत होता. कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा एक बाई जागा करून घेताना माझ्या अंगाला घासली आणि मी मोठ्याने रडले. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

वहिनीबद्दल मात्र मला चांगलं लिहायचं आहे. ती फार बोलत नाही. मी आले तेव्हा तिने नागीण, बाबा, डोकं, काहीच विचारलं नाही. एकदा मी स्वयंपाकघराच्या खांबाला डावी बाजू जोरात दाबून उभी होते. तिने भाकरी थापता थापता बघितलं.

“दाबलं का बरं वाटतं, ताई?”

“हो.”

“म्हंजे घट्ट चालतं. हलकं नाय चालत.”

इतकंच म्हणाली. हात धुतले, जुनं धोतर फाडून त्याचा रुंद पट्टा केला आणि माझ्या अंगाभोवती करकचून बांधला, कापड जागचं हलणार नाही असा. मी श्वास सोडला. पंख्याखाली बसून जेवले. इतक्या लोकांनी माझी पाठ बघितली होती, पण मी कशी उभी राहते ते फक्त हिने बघितलं. मला रडू आलं, तर ती म्हणाली, “गप, भाकरी निवेल.”

असं दुखणाऱ्या सगळ्यांना मी हा पट्टा सांगते. सगळ्यांना चालतो असं नाही. पण करून बघायला काय जातं?

कापूस

दादा हट्टाला पेटला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंच. मी म्हटलं, हेही आले पाहिजेत. मला साक्षीदार हवा होता.

हॉस्पिटलाचं कौतुक मला सांगता येणार नाही. फिनेलचा वास, त्याखाली दुसरे वास, केसपेपरची रांग, मग दुसऱ्या मजल्यावरची रांग, मग ‘इथे नाही, तिकडे’. बाकावर शेजारचा म्हातारा माझ्या पायाशी थुंकत होता आणि त्याचा मुलगा ते चपलेने पुसत होता. मला वाटलं, कशाला आले? इथेही कोणी ‘डोक्यातून काढा’ म्हणणार, फक्त मोठ्या पंख्याखाली बसून.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना भयंकर सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही ‘बरं बरं’ म्हणाले नाहीत. मग नर्सला बोलावलं, मला पाठ वळवून डोळे मिटायला सांगितलं. आधी त्यांनी डागांवर कशाने तरी हलकंच टोचलं. मला धड कळलंच नाही, कातडी तिथे बधिर होती. मग पुन्हा काहीतरी लागलं आणि मी टेबलावरून उडाले. ओरडले ते बाहेरच्या रांगेला ऐकू गेलं असेल.

डोळे उघडले तर हे उभे होते, तोंड उघडं टाकून. डॉक्टरांच्या एका हातात टाचणी होती. ज्याने मी ओरडले ते दुसऱ्या हातात होतं. कापसाची वात.

“कापूस हाय तो,” हे म्हणाले. मलाच सांगत होते.

“हो,” डॉक्टर म्हणाले. “हे असंच असतं. नाटक करणारा माणूस टाचणीला ओरडतो.”

त्या सर्दी झालेल्या माणसाचे पाय धरावेत असं मला वाटलं. धरले नाहीत. केस नीट केले आणि बसले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नागिणीने कातडीतली नस जाळली आहे. फोड गेले तरी जळलेली नस खोटेनाटे निरोप वर पाठवत राहते. आणि असे निरोप महिनोन् महिने गेले की ते घेणारा मेंदूसुद्धा आहे तसा राहत नाही, त्याची घडण त्या जागी बदलत जाते, असं आता कळायला लागलंय. पुरतं कोणालाच कळलेलं नाही. मला ते माझ्या भाषेत लगेच समजलं. कापडाची रोज त्याच जागी घडी घातली की पुढे इस्त्री फिरवली तरी रेघ जात नाही.

“फोटोत दिसंल?” ह्यांनी विचारलं.

“आमच्या मशीनमध्ये नाही दिसणार.”

“पन म्हंजे डोक्यातच हाय ना?”

डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. “साहेब, तुमचं बोट कापलं तरी दुखणं डोक्यातच कळतं. म्हणून बोट कापलेलं नसतं का?”

गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, मुळात या उदासीच्या आजारासाठी आहेत, पण कमी प्रमाणात दिल्या की अशा नसांना शांत करतात. हळूहळू फरक पडेल, सगळं जाईल असं वचन देत नाही. खोटं वचन न देणारा तो पहिला डॉक्टर.

फरक

आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटलं असेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं.

मी दादाबरोबर रोह्याला परतले. हे पेणला गेले आणि आईला सांगितलं, “मुंबईचा डाक्टर बोलला, तिच्या मेंदूत फरक पडलाय.”

“मी बोलले नव्हते?” सासूबाई म्हणाल्या.

आणखी भर म्हणजे गोळ्या. हे पेणच्या औषधाच्या दुकानात गेले, तर चिठ्ठी बघून तिथल्या माणसाने काउंटरवरून मोठ्याने विचारलं, “ही डोक्याची गोळी कोणाला?” मागे आमच्याच आळीतली बाई खोकल्याचं औषध घेत होती. म्हणजे आता पुरावाच. आधी मी नुसती डोक्यात घेणारी होते, आता मुंबईच्या शिक्क्यानिशी मेंदू बिघडलेली झाले. दुखणं खरं ठरवायला गेले आणि वेड खरं ठरवून आले. हे कळलं तेव्हा मी रोह्याला वहिनीच्या अंगणात बसून मोठमोठ्याने हसले, आणि मग आपण हसतोय हे कोणी बघितलं तर नाही ना म्हणून दचकून गप्प बसले.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड. पण काही आठवड्यांनी एक दिवस पदर खांद्यावरून घसरून पाठीवर पडला आणि मी काम करतच राहिले. पदर पडलाय हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी पिशवी भरली आणि कोणाला न विचारता पेणची गाडी पकडली.

दुकानाला कुलूप होतं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

“किल्ली द्या, आई.”

“आत कात्री हाय,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळेचना. मग कळलं. ज्या कात्रीने इतकी वर्षं त्यांच्या घराची चूल पेटती ठेवली, ती माझ्या हातात द्यायला त्या घाबरत होत्या. खरंच घाबरत होत्या, खोटं नाही. एक पाऊल मागे सरल्या होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण उबग आला. इतका की बोलावंसंही वाटेना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “ऱ्हाऊंदे जरा दिस.” मी स्वयंपाक करत होते, तोही विळी सासूबाईंच्या नजरेसमोर ठेवून.

म्हात्रे

मग एका संध्याकाळी हे फर्स्ट शिफ्ट करून आले ते चप्पल न काढताच ओटीवर बसले. मी बंद दुकानाच्या फळीला टेकून लसूण सोलत होते.

“आमच्या म्हात्रेला नागीन झाली गो.”

म्हात्रे म्हणजे ह्यांच्याच प्लँटमधला, धिप्पाड माणूस.

“शर्ट घालवत नाय त्याला. नुसता वारा लागला तरी उडतो. आज प्लँटात सगल्यांसमोर रडला. एवढा मानूस, लहान पोरासारका. सायबानं सोताची गाडी दिली घरी जायला.” त्यांनी मान हलवली. “खरंच लय दुखतं गो त्याच्यात.”

मी लसूण सोलायची थांबले.

“खरंच?” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. कानापर्यंत लाल झाले. म्हात्रेने एक दिवस रडून दाखवलं तर त्याला साहेबाची गाडी मिळाली. कोणी त्याची पाठ बघायला चहाला आलं नाही, कोणी त्याच्या हातातला पाना काढून घेतला नाही. मला म्हात्रेचा राग नव्हता, बिचारा. पण तोंडात जे कडू आलं होतं ते गोळीचं नव्हतं.

मग हे म्हणाले, “त्यानं इचारलंय, तुज्या बायकोला नागीन झालती ना, तिच्यावर काय करतात?”

“आजच्या आज डॉक्टरकडे जायला सांगा,” मी म्हटलं. “फोड सुकायची वाट बघू नका म्हणावं. आणि बाबाबिबाकडे गेला तर मी स्वतः येईन त्याच्या घरी.”

“सांगतो.”

“आणि आता जे म्हात्रेचं बोललात ना, ते आत जाऊन आईंना सांगा. म्हात्रेचं नव्हे. माझं.”

ते उठले. चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. आत गेले. मी बाहेर फळीला पाठ लावून बसून राहिले. आतून त्यांचा आवाज आला, कधी नव्हे तो जरा मोठा.

“आई, सुनंदाला दुखतं ते खरं हाय.”

“नागीन तर कवाच गेली,” सासूबाई म्हणाल्या. “आता मधीच कवापासून दुखतं तिला?”

ह्यांचा आवाज पुन्हा आला, तेवढाच मोठा.

“पयल्यापासून.”